भाषांचा वंशवृक्ष आणि प्राण्यांचा वंशवृक्ष : साम्य कुठवर खरे, कुठे फसवे?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना अभिजात दर्जा दिला. आपल्या सर्वांना त्याचा आनंद झाला. पण तेव्हापासून भाषेविषयीच्या पोस्टचाही पूर आला आहे. एकीकडे ‘संस्कृत ही सर्व भाषांची जननी’ हा जुना दावा पुन्हा फिरतो. त्याला उत्तर म्हणून आपलेच काही तरुण ‘पाली हीच सर्व भाषांची जननी, संस्कृत तिची लेक’ असे ठणकावून सांगतात. तिसरा दावा याहून घातक आहे : अमुक भाषा बोलणारे अमुक रक्ताचे.

हे तिन्ही दावे एकमेकांच्या विरोधात असल्यासारखे वाटतात. पण तिघांच्याही मागे एकच चित्र आहे. ते म्हणजे वंशवृक्षाचे. जशी प्राण्यांची कुळे तशीच भाषांची कुळे. जसे रक्त आईकडून लेकराकडे जाते तशी भाषा जाते. जशी एक प्रजाती दुसरीवर मात करते तशी चांगली भाषा वाईट भाषेला हरवते. हे चित्र काही प्रमाणात खरे आहे, म्हणूनच ते फसवते. ते कुठपर्यंत खरे आणि कुठून पुढे खोटे, हे चळवळीतल्या कार्यकर्त्याला नीट माहीत असले पाहिजे.

हे चित्र आले कुठून?

१७८६ साली कलकत्त्यात विल्यम जोन्स यांनी एका भाषणात सांगितले की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यात इतके साम्य आहे की त्या कुठल्यातरी एका समान उगमातून निघाल्या असाव्यात. पुढे जर्मन भाषाशास्त्रज्ञ आउगुस्ट श्लायखर यांनी १८५३ च्या सुमारास भाषांचे कूळ झाडाच्या आकृतीत मांडायला सुरुवात केली. चार्ल्स डार्विन यांचा प्रजातींच्या उगमावरचा ग्रंथ आला १८५९ मध्ये. म्हणजे भाषांचे झाड डार्विनच्या ग्रंथाच्या आधीच कागदावर उतरले होते. डार्विनने स्वतः वर्गीकरण समजावताना भाषांचे उदाहरण घेतले आणि १८७१ च्या पुस्तकात भाषा व प्रजाती यांच्या घडणीतील साम्य नमूद केले. १८६३ मध्ये श्लायखरने डार्विनच्या सिद्धांतावर एक छोटी पुस्तिका लिहून भाषा हा माणसाच्या इच्छेबाहेर जन्मणारा, वाढणारा, म्हातारा होऊन मरणारा नैसर्गिक जीव आहे, असे मांडले. ‘भाषा जन्मते’, ‘भाषा मरते’, ‘भाषेची आई’ असे आपण आजही बोलतो त्यावर या विचाराची छाप आहे.

साम्य जिथे उपयोगी पडते

हे साम्य सगळेच टाकाऊ नाही. ‘माणूस माकडापासून झाला’ असे आपण सैल भाषेत म्हणतो. प्रत्यक्षात आजच्या चिंपांझीपासून माणूस झालेला नाही. दोघांचा एक समान पूर्वज होता, त्यातून दोन फांद्या निघाल्या. भाषांबाबतही नेमकी हीच गोष्ट लक्षात ठेवायची असते.

पाली आणि संस्कृत यांचे उदाहरण घ्या. संस्कृतात ‘येथे’ या अर्थी ‘इह’ असा शब्द आहे, पालीत ‘इध’. या शब्दातला ‘ध’ जुना आणि ‘ह’ नंतरचा आहे. इराणच्या प्राचीन अवेस्ता भाषेतही या शब्दात ‘ह’ नाही, ‘द’सारखा ध्वनी आहे. याचा अर्थ या एका बाबतीत पालीने जे जपले ते संस्कृतने गमावले होते. अशी आणखीही रूपे आहेत. म्हणून पाली ही पाणिनीच्या संस्कृतची सरळ लेक नाही. वेदांच्या काळी उत्तर भारतात ज्या अनेक बोली बोलल्या जात, त्यांपैकी काहींचा वारसा तिच्यात आहे.

पण दुसरी बाजूही तितक्याच प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. धर्म-धम्म, कर्म-कम्म, निर्वाण-निब्बान या जोड्यांत जोडाक्षरे सोपी झालेले पाली रूप नंतरचे आहे. संस्कृतातले द्विवचन पालीत उरलेले नाही. एकूण रचना पाहता पाली ही भाषांच्या वाटचालीतील पुढची पायरी आहे. तेव्हा ‘संस्कृत पालीपासून तयार केली’ हा दावा पुराव्यापुढे टिकत नाही.

इथे आपले कार्यकर्ते शिलालेखांचा दाखला देतात. सम्राट अशोकाचे इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकातील शिलालेख प्राकृतात आहेत. आपल्या नाणेघाट, कार्ले, कान्हेरी, नाशिकच्या लेण्यांतील जुने लेखही प्राकृतात आहेत. शुद्ध वळणाच्या संस्कृतातील पहिला मोठा शिलालेख मानला जातो तो जुनागढचा रुद्रदामनाचा, इसवी सन १५० च्या आसपासचा. हे सारे खरे आहे आणि अभिमानाने सांगावे असे आहे. लोकांशी बोलताना, दान नोंदवताना, राज्य चालवताना प्राकृतच वापरली जात होती, हे त्यातून सिद्ध होते. पण शिलालेख म्हणजे जीवाश्म नव्हे. जीवाश्माचा काळ हा त्या जीवाचा काळ असतो. शिलालेखाचा काळ फक्त तो कोरला कधी हे सांगतो, ती भाषा किती जुनी हे सांगत नाही. इसवी सनपूर्व चौदाव्या शतकातील मितानी राज्याच्या तहात मित्र, वरुण, इंद्र, नासत्य ही नावे आढळतात, म्हणजे वैदिकच्या जवळची भाषा तेव्हा अस्तित्वात होती. आपले म्हणणे भक्कम करायचे असेल तर त्यातली कच्ची वीट आपणच काढली पाहिजे. नाहीतर विरोधक तीच वीट ओढतो आणि भिंत पडते.

पहिली फसगत : भाषा रक्तातून येत नाही

आता फसव्या भागाकडे येऊ. प्राण्याला जनुके आईबापांकडून मिळतात, त्यात त्याला निवड नसते. भाषा मात्र शिकावी लागते आणि ती कोणाकडूनही शिकता येते : आईकडून, शेजाऱ्याकडून, मालकाकडून, शाळेतून. कर्नाटकातील सिद्दी समाजाचे पूर्वज आफ्रिकेतून आले. आज त्यांच्या घरात कोंकणी आणि कन्नड बोलली जाते. कोकणातील बेने इस्रायल ज्यूंची मातृभाषा मराठी. त्यांतील अनेक जण इस्रायलला गेले आणि त्यांची नातवंडे हिब्रू बोलू लागली. एका पिढीत रक्त तेच, भाषा वेगळी.

जिराफाची मान उंच पाने खाण्यासाठी ताणून ताणून लांब झाली आणि ती लांबी पिल्लात उतरली, असे लामार्क यांच्या विचारावरून समजावले जाते. जीवशास्त्राने ते नाकारले. आयुष्यात कमावलेले शरीराचे गुण अशा रीतीने संततीत उतरत नाहीत. भाषेत मात्र ते रोज घडते. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली. त्यानंतर ‘धम्म’, ‘विहार’, ‘त्रिशरण’, ‘पंचशील’, ‘वंदना’ हे शब्द घराघरांत रुजले. आपल्या आजी-आजोबांनी ते मोठेपणी शिकले आणि मुलांच्या तोंडी ते जन्मापासूनचे झाले. त्यातही ‘धम्म’ हा शब्द शतकानुशतके इथल्या लोकांच्या बोलण्यातून गेलेला होता. तो ग्रंथांतून परत आणला गेला. कोणत्याही प्राण्याला जीवाश्मात उरलेला गुण असा परत घेता येत नाही.

दुसरी फसगत : फांद्या पुन्हा एकमेकींत मिसळतात

झाडाच्या फांद्या एकदा फुटल्या की दूरच जातात. प्राण्यांतही प्रजाती पुरत्या वेगळ्या झाल्यावर बहुधा असेच होते. घोडा आणि गाढव यांच्यापासून खेचर होते, पण खेचराचा वंश पुढे चालत नाही. अर्थात निसर्गातही अपवाद आहेत. जिवाणू एकमेकांना जनुके देतात, म्हणूनच औषधाला न जुमानण्याची ताकद एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे पसरते. पण सस्तन प्राण्यांत जे विरळा, ते भाषांत रोजचे आहे.

आपली मराठीच बघा. कागद, वकील, जमीन, दुकान हे शब्द फारसी-अरबीतून आले. चावी, बटाटा, पाव पोर्तुगीजांकडून. अक्का, अण्णा, तूप यांचे धागे कन्नडकडे जातात. आणि उसनवारी केवळ शब्दांची नसते. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन वेगळे शब्द आहेत. ‘आम्ही निघालो’ म्हटले की ऐकणारा त्यात नाही, ‘आपण निघू’ म्हटले की तो आहे. हिंदीच्या ‘हम’मध्ये हा भेद नाही. तमिळ, तेलुगू या द्रविड भाषांत आहे. मराठीतील हा भेद द्रविड भाषांच्या सहवासातून आला, असे अनेक अभ्यासक मानतात.

सांगली जिल्ह्यातील ‘कुपवार’ या गावाचा अभ्यास जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केला. या गावात जैन व लिंगायतांच्या घरी कन्नड, मुसलमानांच्या घरी उर्दू, तर दलित व इतर भूमिहीन मजुरांच्या घरी मराठी बोलली जात असे. शेतावर, बाजारात सगळे एकमेकांच्या भाषा वापरत. शतकांच्या या व्यवहारातून तिथल्या कन्नड, उर्दू आणि मराठीच्या वाक्यांचा साचा इतका सारखा झाला की एका भाषेतील वाक्याचे शब्द बदलत गेले की दुसऱ्या भाषेतले वाक्य तयार व्हावे. कन्नड द्रविड कुळातली, मराठी आणि उर्दू आर्यभाषा कुळातल्या. झाडाच्या दोन वेगळ्या बुंध्यांवरच्या फांद्या एका गावात एकमेकींत गुंतल्या. तरीही घरातले शब्द प्रत्येकाने वेगळे ठेवले, कारण घराची ओळख जातीला बांधलेली होती. भाषा जवळ आल्या, जाती आल्या नाहीत, हेही या अभ्यासातून आपल्याला दिसते.

झाडाच्या चित्राची ही उणीव जुनीच आहे. १८७२ मध्ये श्लायखरच्याच शिष्याने, योहानेस श्मिट याने, पाण्यात दगड टाकल्यावर उठणाऱ्या तरंगांचे चित्र सुचवले. बदल एका ठिकाणी उठतो आणि शेजारच्या बोलींत पसरत जातो. वऱ्हाडी कुठे संपते आणि झाडीबोली कुठे सुरू होते, याची रेषा कोणालाही आखता येत नाही, ते यामुळेच.

तिसरी फसगत : भाषेच्या वयाचे घड्याळ

जनुकांत बदल साठत जातात, त्यावरून दोन प्रजाती कधी वेगळ्या झाल्या याचा अंदाज बांधता येतो. मॉरिस स्वाडेश या अमेरिकन अभ्यासकाने १९५० च्या दशकात भाषांसाठी तसेच घड्याळ बनवले. मूलभूत शंभर शब्दांपैकी हजार वर्षांत साधारण ८६ टिकतात, असे त्याचे गणित होते. १९६२ मध्ये बेर्गस्लांड आणि फोग्ट यांनी दाखवले की हे घड्याळ सगळीकडे सारखे चालत नाही. आइसलँडची भाषा हजार वर्षांत फार थोडी बदलली, तिचीच बहीण नॉर्वेजियन खूप बदलली. कारण बदलाचा वेग ठरवतात ते राज्यकर्ते, व्यापार, शाळा आणि लोकांची सरमिसळ. तेव्हा ‘आमची भाषा इतक्या हजार वर्षांची’ अशी पोस्ट आली की आधी विचारा, हे वय मोजले कशावरून?

चौथी फसगत : टिकले ते श्रेष्ठ

ही सर्वांत जास्त आपल्याला लागणारी गोष्ट. नैसर्गिक निवडीत जो गुण जगायला आणि प्रजननाला उपयोगी पडतो तो पसरतो. तिथेही ‘श्रेष्ठ’ म्हणजे त्या परिस्थितीला जुळणारा, इतकाच अर्थ आहे. भाषेत एखादे रूप पसरते ते बहुतेक वेळा ते बोलणाऱ्यांकडे सत्ता, पैसा, शाळा आणि छापखाना असतो म्हणून.

‘पाणी’ म्हणणारा शुद्ध आणि ‘पानी’ म्हणणारा अशुद्ध, हे आपल्या कित्येक पिढ्यांनी वर्गात ऐकले आहे. ‘लोनी’, ‘व्हतं’, ‘म्या’ म्हटले की हशा पिकतो आणि पोर पुन्हा हात वर करत नाही. आता हा शब्द तपासा. संस्कृतातील शब्द ‘पानीय’ आहे. त्यात ‘न’ आहे. प्राकृतात त्याचा ‘ण’ झाला आणि मराठीत ‘पाणी’ आले. बदल म्हणजे बिघाड असे मानायचे, तर बिघडलेला शब्द ‘पाणी’ ठरतो. गावाकडच्या ‘पानी’ने संस्कृतचा ‘न’ जपला असाही आमचा दावा नाही. तो ‘ण’चा पुन्हा ‘न’ होऊन आलेला असू शकतो. सांगायचे एवढेच की ‘न’ आणि ‘ण’ हे दोन ध्वनी आहेत, त्यात वरचा-खालचा असे निसर्गात काही नाही. तो भेद कोणाच्या तोंडी कोणता ध्वनी आहे, यावरून आला. शुद्ध-अशुद्ध हे शब्द पाणवठ्यावरून उचलून व्याकरणात आणलेले आहेत, हे आपल्याहून अधिक कोणाला कळणार?

प्रमाणभाषा शिकूच नये असे कोणी यातून काढू नये. परीक्षा, न्यायालय, वृत्तपत्र यांची भाषा आपल्या मुलांना उत्तम आली पाहिजे. पण ती जास्तीचे साधन म्हणून यावी, आजीच्या बोलीची लाज म्हणून नव्हे.

पाचवी फसगत : भाषेचे मरण

शेवटचा प्राणी मेला की प्रजाती संपते. भाषा संपते तेव्हा बोलणाऱ्यांचे वंशज बहुतेकदा जिवंत असतात, फक्त त्यांनी मुलांशी ती बोलणे सोडलेले असते. अंदमानातील ‘बो’ भाषा बोलणाऱ्या शेवटच्या स्त्री बोआ सिनियर २०१० मध्ये गेल्या आणि ती भाषा थांबली. त्यामागे वसाहतीच्या काळातील रोगराई होती, विस्थापन होते, मोठ्या भाषांचा दाब होता. याला ‘निसर्गनियम’ म्हणणे म्हणजे अन्याय करणाऱ्याला मोकळे सोडणे आहे. उलट हिब्रूसारखी भाषा शतकानुशतके केवळ ग्रंथ, प्रार्थना आणि पंडितांपुरती राहून पुन्हा घरात बोलली जाऊ लागली. प्रजातीला हा मार्ग नाही, भाषेला आहे. पालीकडे बघताना हे आठवावे. ती आज कोणाची घरची भाषा नाही, पण श्रीलंका, म्यानमार, थायलंडच्या विहारांत ती रोज वाचली, म्हटली, शिकवली जाते.

चुकीची किंमत कोणी मोजली?

डार्विनने १८५९ च्या ग्रंथात असेही लिहिले होते की मानववंशांची वंशावळ पूर्ण कळली तर तीच भाषांच्या वर्गीकरणाला सर्वांत उपयोगी पडेल. इतक्या मोठ्या वैज्ञानिकालाही भाषा आणि वंश एकाच वाटेने जातात असे वाटले. याच गोंधळातून ‘आर्य भाषा’ या शब्दाचा ‘आर्य वंश’ झाला. मॅक्स म्युलर यांनी १८८८ मध्ये स्पष्ट बजावले की आर्य हा शब्द भाषेसाठी आहे, रक्तासाठी किंवा कवटीसाठी नाही. पण तोवर उशीर झाला होता. भारतात १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाच्या मापावरून जातींची सामाजिक पायरी वंशाशी जोडली. युरोपात याच कल्पनेच्या टोकाला नाझींचा नरसंहार उभा राहिला.

बाबासाहेबांनी हे जाळे वेळीच ओळखले. ‘शूद्र पूर्वी कोण होते?’ या १९४६ च्या ग्रंथात त्यांनी आर्य वंशाचा सिद्धांत तपासून नाकारला. वेदांत आर्य नावाच्या वंशाचा पुरावा नाही, असे त्यांनी दाखवले. अस्पृश्यांवरील १९४८ च्या ग्रंथात नाकाच्या मापांची तीच आकडेवारी घेऊन त्यांनी ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे ठरत नाहीत, असा निष्कर्ष काढला. आणि हेच बाबासाहेब पालीचे व्याकरण आणि शब्दकोश तयार करण्यासाठी रात्री जागवत होते. भाषेवर प्रेम करायला रक्ताचा आधार त्यांना लागला नाही.

आज डीएनएच्या नावाने तोच खेळ दोन्ही बाजूंनी चालू आहे. प्राचीन हाडांतील जनुकांवरून माणसांची स्थलांतरे कळतात, भारतातील सगळे समाज कमीअधिक मिश्र आहेत हेही कळते. पण मेलेल्या माणसाच्या हाडावर त्याची भाषा लिहिलेली नसते. त्याची जात तर नसतेच.

तथागतांनी हा फरक सांगितला होता

सुत्तनिपातातील वासेट्ठ सुत्तात दोन ब्राह्मण तरुण तथागतांकडे वाद घेऊन येतात : ब्राह्मण जन्माने होतो की कर्माने? तथागत उत्तराची सुरुवात गवत, झाडे, कीटक, पशू, मासे, पक्षी यांच्यापासून करतात. या जिवांत जातीजातीची वेगळी शारीरिक चिन्हे आहेत, असे ते सांगतात. मग माणसाकडे वळून केस, डोके, कान, डोळे, नाक, हात, पाय एकेक घेत म्हणतात की माणसांत असा फरक सापडत नाही. माणसांतले भेद हे लोकव्यवहारातील नावांचे आहेत. प्रजाती निसर्गाने वेगळ्या केल्या, माणसांतले भेद माणसांनी ठेवलेल्या नावांनी झाले. आपल्या लेखाचा सारा मुद्दा या सुत्तात आहे.

मज्झिम निकायातील अरणविभंग सुत्तात ते आणखी पुढे जातात. एकाच भांड्याला निरनिराळ्या जनपदांत निरनिराळी नावे आहेत. ‘हेच नाव खरे, बाकी व्यर्थ’ असा हट्ट धरू नये, त्या त्या लोकांच्या शब्दात बोलावे, असा उपदेश तिथे आहे.

म्हणून पुढच्या वेळी ‘जननी’ची पोस्ट आली तर तिला दुसऱ्या जननीने उत्तर देऊ नका. पाली आणि संस्कृत यांचे पूर्वज समान होते हे सांगा. अशोकाने आणि लेण्यांतल्या दायकांनी लोकांची भाषा निवडली हे सांगा. ती निवड होती, जन्माने मिळालेला मान नव्हता, म्हणून तिचे मोल अधिक आहे. आणि विहारातल्या रविवारच्या वर्गात एखादे पोर ‘पानी’ म्हणाले, तर त्याला थांबवू नका. आधी त्याचे वाक्य पूर्ण ऐकून घ्या.